फरशी

पावणेतीन.
टे नदीवरचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतोय,
डंडी गाव उणे चारात गोठलंय,
गाड्यांच्या काचांवर खडीसाखर,
आणि मी मानेपासून निथळतेय,
पाठीशी कुणी शेगडी पेटवून निघून गेल्यासारखी.

आधी छातीत एक ठिणगी. मग कान.
मग गुडघ्यांच्या मागची जागा.
तिथंही घाम येतो हे पन्नास वर्षं माहीत नव्हतं.
पाच मिनिटांनी सगळं उलटं,
ओला गाऊन गार पडतो नि दात वाजायला लागतात.
शिरीष तीन पांघरुणांत, कांद्यासारखा.
"खिडकी लाव गं," झोपेतच म्हणतो.
मी लावत नाही.

डॉक्टर मॅक्रेबाईंनी एकेक बोट दुमडत विचारलं,
ताप? खोकला? वजन उतरलं? गळ्याशी गाठ?
अलीकडे भारतात जाऊन आलात?
हा प्रश्न त्यांनी जरा हळू विचारला.
थायरॉइडसाठी रक्त घेतलं.
रात्री वाइन? नाताळात, दोन घोट.
जेवण तिखट? मी नुसती हसले.
पाळी?
सात महिने नाही. मग आली. मग परत नाही.
न कळवता येणाऱ्या पाहुण्यासारखं चाललंय.
नवीन काही गोळ्या?
इथं मी दाराकडे पाहिलं.
शिरीष खाली गाडीत होता.
ऑक्टोबरपासून, म्हटलं. इथूनच दिलेली.
मन तळाला जाऊ नये म्हणून.
"तिनंही घाम येतो," बाई म्हणाल्या, "वयानंही येतो.
कधी दोघं मिळून एकच दार ठोठावतात.
पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका.
रक्ताचं कळलं की बसून ठरवू."

तोवर उशाशी गार पाण्याची बाटली.
अंधारात हाताला लागेल असा कोरडा गाऊन.
चकचकीत पॉलिस्टरच्या चादरी दानाच्या दुकानात गेल्या,
जाड रजईच्या जागी दोन पातळ सुती पांघरुणं,
एक लाथेनं उडवायला, एक परत ओढायला.
जानेवारीत पंखा घ्यायला गेले तर दुकानातला पोरगा म्हणाला,
"उन्हाळ्याची तयारी आतापासून?"
काय सांगणार, बाळा.
उशीवर शिरीषचा पंचा अंथरलाय.
तो तीन दिवस शोधतोय.

रविवारी आईला कराडला फोन केला.
तुला व्हायचं का गं?
"काय?"
रात्री. घाम.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
मी एम.ए.ला होते तेव्हाची आई आठवली,
मध्यरात्री आमच्यामधून उठून जायची,
मोरीजवळ शहाबादी फरशीवर आडवी व्हायची,
खाली चटईसुद्धा नाही.
आम्हाला वाटायचं, बाबांवर रुसली.
बाबांनाही तेच वाटायचं,
सकाळी तिच्याशी जपून बोलायचे,
चहा स्वतः करून घ्यायचे.
"मला वाटायचं," आई म्हणाली,
"शेगडीपुढची धग अंगातून उतरत नाही.
दुसरं काय वाटणार?
कुणाला विचारणार?"
मग जरा थांबून,
"फरशीवर नीज. बाकी सगळं करून बघ, पण शेवटी फरशीच."

आई, इथं फरशी कुठली!
झोपायच्या खोलीत कार्पेट, जिन्यावर कार्पेट,
न्हाणीघरातसुद्धा कार्पेट, आधीच्या मालकाची कृपा.
राहिलं स्वयंपाकघर.

तर मी इथं,
फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मध्ये,
टाइलला गाल लावून.
गारवा आधी गालाला कळतो, मग बरगड्यांना,
मग कुठंतरी आत कोण एक
चिमटा खाली ठेवतं.
डोळ्यांच्या रेषेत, फ्रिजखाली, मोहरीचा एक दाणा.
कधीच्या फोडणीचा कोण जाणे.

पावलं. दिवा.
शिरीष, खांद्यावर पांघरूण, डोळे किलकिले,
दारातच उभा.
"रुसलीस का?"

नाही रे.
बस इथं. मोजे घालून ये आधी.
तुझा पंचा कुठं आहे ते सांगते,
आणि मग
आणखी एक.